उघड्या दाराची लिफ्ट

सोमवार, ४ तारीख

वहिनी,

नमस्कार. जेवतो, झोपतो, आंघोळ रोज करतो. हे तिन्ही प्रश्न तुमच्या पत्रात येणारच, म्हणून उत्तरं आधीच देऊन ठेवली. दादाची तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही, कारण विचारलं की तुम्ही त्याला जाऊन सांगणार.

फोन नको, पत्र लिहा, हे तुमचं ऐकलं. "भाऊजी, फोनवर तुम्ही एक तर ओरडता नाहीतर गप्प बसता. लिहायला बसलात तर मधलं काहीतरी निघेल," म्हणालात. बघू काय निघतं. सध्या माझ्यात फारसं काही शिल्लक असेल असं वाटत नाही. परवा बसमध्ये एका माणसाने माझ्या पायावर पाय दिला आणि मीच त्याला सॉरी म्हणालो. दादाला सांगा, पोरगं सुधारलं. किंवा नका सांगू.

खोली ठीक आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात. सकाळी त्यातून कुणाचं तरी पाणी खाली जाताना ऐकू येतं, मग मी उठतो.

तुम्ही विचारलंत, तिथे तुम्ही नक्की करता तरी काय? आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. मी लिफ्टला हात लावत नाही, लिफ्टवाल्यांच्या कॉम्प्युटरला लावतो. गावभरच्या लिफ्टांचं एक वेळापत्रक आहे. कुठे कुणी कधी जायचं, कुठला दोर झिजलाय, कुठलं दार कुरकुरतंय, सगळं एकाच अगडबंब स्प्रेडशीटमध्ये. ती शीट असते सगळ्यांच्या सामायिक कपाटात, म्हणजे कॉम्प्युटरमधल्याच. तिच्यात लिहायचं असेल तर आधी ती आपल्या नावावर उचलायची. एकाने उचलली की तिला कुलूप लागतं, बाकीच्यांना नुसती बघता येते, लिहिता येत नाही. काम झालं की परत ठेवायची. ऑफिसात दिवसभर हेच चालतं. "कुणी उचललीय?" "मी, दोन मिनिटं." "दोन मिनिटं म्हणून जेवून आलास की."

तुमच्या माहेरच्या इमारतीतली ती जाळीच्या दाराची लिफ्ट आठवते? कुणी वरच्या मजल्यावर दार नीट न लावता निघून गेलं की ती कुणासाठीच हलत नाही. खाली माणसं बटण दाबत राहतात आणि शेवटी जिन्यात तोंड घालून बोंबलतात, "दार लावा हो!" फाइलचं अगदी तसंच. मी दिवसभर जिन्यात तोंड घालून बोंबलतो. यासाठी कॉलेज अर्धवट सोडलं का, असं दादा म्हणेल. म्हणू दे. कॉलेज सोडलं त्या दिवशीच तो म्हणाला होता, "याला दार लावायला कुणी शिकवलंच नाही. एक तर आपटतो, नाहीतर उघडं टाकून जातो." त्यानंतर तो माझ्याशी काही बोललेला नाही, त्यामुळे ते वाक्य अजून ताजं आहे.

सध्या असंच एक दार उघडं आहे. वेळापत्रक एका मुलीच्या नावावर उचललेलं आहे आणि ती मुलगी नोकरी सोडून गेली. कपाटात दिसते ती जुनी प्रत. जायच्या आधी तिने सगळ्या फेऱ्या नव्याने लावल्या, झिजलेल्या दोरांच्या नोंदी भरल्या. ते सगळं तिने उचललेल्या प्रतीत, आणि ती प्रत परत ठेवल्याशिवाय कुणालाच दिसणार नाही. म्हणून लोकांनी जुनीच्याच आपापल्या नकला काढल्या. एकीचं नाव 'अंतिम', दुसरीचं 'अंतिम खरी', तिसरीचं 'हीच वापरा'. परवा दोन मिस्त्री गावाच्या दोन टोकांहून येऊन एकाच लिफ्टपाशी भेटले.

त्यातला एक आमचा दोरखंड. लिफ्टचे दोर तपासतो म्हणून हे नाव, आणि जीभही तेवढीच जाड. त्याने छापील कागद माझ्या टेबलावर टाकला.

"कुलूपवाल्या, एका लिफ्टला आज दोन जावई. आणि दवाखान्याची लिफ्ट तिकडे पोरकी. कुणाच्याच कागदात ती नाही."

"फाइल अडकलीय. वरच्या मजल्यावर दार उघडं आहे."

"खाली उभा राहून बोंबलणारा नेहमी वरच्यांनाच शिव्या घालतो," तो म्हणाला. "पुष्कळदा त्याच्याच पुढ्यातलं दार बोटभर उघडं असतं. चहा पाजतोस का?"

मी पाजला.

मला एक अधिकार आहे, वहिनी. कुणाच्याही नावावरची फाइल मी जबरदस्तीने सोडवू शकतो. एक बटण. पण मग उचलणाऱ्याने केलेलं सगळं काम जातं आणि जुनी प्रत तेवढी उरते. आमच्या मॅडम म्हणाल्या, "सोडव." मी म्हटलं, "तिचं काम जाईल." "मग तिला फोन कर." "मी नाही करणार." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भांडण तुमचं आणि लिफ्ट माझ्या अडकायच्या?" मग म्हणाल्या, "तिला कामावरून मोकळं केल्याचं पत्र हवंय ना? शीट आली की सही करते. मुद्दाम नेली असेल तर मुद्दाम आणूनही देईल."

मुद्दाम, म्हणे. एरवी मी त्या टेबलाचे चारही पाय वर केले असते. मी "बरं" म्हटलं आणि जाऊन एकाच्या प्रिंटरची शाई बदलली.

ते पत्र दाखवल्याशिवाय नव्या ठिकाणी तिला रुजू करून घेत नाहीत. जागा महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवणार आहेत. हे तिने मला सांगितलेलं नाही, मॅडमना लिहिलं होतं. मॅडमचा मेल उघडत नव्हता म्हणून मी बघायला गेलो तेव्हा समोर तेच होतं.

तर माझं एक काम करा. तिला विचारा, फाइल तिच्याकडे कुठे आहे. कुणाला, ते लिहायचं मी इतका वेळ टाळतोय, पण तुम्हाला पहिल्या ओळीलाच कळलं असणार. तुमच्या धाकट्या बहिणीला.

तुमचा दीर

(हे काय आलं असं दादाने विचारलं तर विजेचं बिल म्हणा.)


बुधवार, १३ तारीख

वहिनी,

तुमच्या तीन ओळी मिळाल्या. तुम्ही सगळी बरी आहात असं त्यावरून धरून चालतो.

"धाकटी म्हणते, मी सगळं ठेवून आले, माझ्याकडे काही नाही. पुढचं तुमचं तुम्ही तिच्याशी बोला. तुमच्या भावाचे न बोललेले निरोप पोचवते तेवढे पुरेत, मी काय टपालखातं आहे?" हे वाचून हसू यायला हवं होतं. आलं असावं.

फोन करायच्या आधी मी करण्यासारखं सगळं केलं. ती शीट आणखी कुणाकडे उघडी आहे का पाहिलं. तिने जमा केलेला लॅपटॉप कपाटातून काढून कोपरान् कोपरा पाहिला, त्यात काही नव्हतं. तिचं लॉगिन अजून चालू आहे, कारण मोकळं केल्याचं पत्र निघेपर्यंत ते बंद करायचं नाही असा नियम. पत्र अडलंय फाइलसाठी. म्हणजे ती इथे नाही आणि गेलेलीही नाही. मी रोज सकाळी शीट उघडतो तेव्हा वर एक पट्टी येते, ही फाइल अमुकच्या नावावर आहे. अमुकच्या जागी तिचं नाव. इतर लोक पट्टी बघून शिव्या घालतात.

शेवटी दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, ऑफिसच्या जिन्यात जाऊन फोन लावला.

तिने उचलला. "बोल."

मी म्हटलं, "नमस्कार, मदत कक्षातून बोलतोय."

खरंच म्हणालो, वहिनी. दिवसभर तेच म्हणतो, तोंडातून तेच आलं. ती थांबली. मला वाटलं ठेवला. मग म्हणाली, "हां. बोला."

आणि आम्ही तसेच बोलत राहिलो.

"वेळापत्रकाची शीट तुमच्या नावावर उचललेली दिसतेय."

"मी ठेवली होती."

"ठेवताना हिरवी खूण आली होती का?"

"खूण बघायला थांबले नव्हते."

"म्हणजे ठेवताना मध्येच उठलात?"

"उठावं लागलं."

"ठीक आहे. शेवटचं काम कुठल्या मशीनवर केलं होतं, सांगता येईल?"

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो. पलीकडे कुणाच्या तरी घरात कुकरची शिटी झाली. तुमच्याच आईच्या घरातली असणार.

"तुला खरंच आठवत नाही?" ती म्हणाली. अहो-जाहो संपलं. "माझा लॅपटॉप तू सकाळीच जमा करून घेतलास. पावतीसुद्धा दिलीस, सही करून. मग दुपारी मी कुठे बसून काम केलं?"

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

"तुझ्या खुर्चीत," ती म्हणाली. "तू मागे उभा होतास."

उभा होतो. वहिनी, तुम्हाला धाकटीने सांगितलं असेल, नसेल. तुम्ही आम्हा दोघांकडे बघून ओठ दाबून हसायचात, त्यामुळे अर्धं तरी तुम्हाला माहीत आहे. ती नवी नोकरी धरून दुसऱ्या गावी चाललीय हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, दोरखंडालासुद्धा. मला तिने शेवटच्या दिवशी सांगितलं, माझ्याच टेबलाशी बसून, शीटमध्ये टाइप करता करता, मान वर न करता. मी विचारलं, मी पण येऊ का तिकडे? ती म्हणाली, कशाला? मी म्हटलं, तुला माहीत आहे कशाला. ती म्हणाली, "माहीत आहे म्हणून तर शेवटच्या दिवशी सांगतेय."

मग मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. सगळं ऑफिस उभं राहिलं. ती उठली, पर्स घेतली आणि गेली. मी मशीनचं झाकण आपटून बंद केलं.

ते मशीन मी त्यानंतर उघडलेलं नाही. त्याच्यावर 'बिघडलंय' अशी चिठ्ठी चिकटवून कपाटाच्या तळाशी ठेवलं आणि दुसरं वापरायला घेतलं. का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आत तिचं लॉगिन तसंच उघडं होतं, कोपऱ्यात तिच्या फोटोचा टिकलीएवढा गोल होता, तो बंद करायचा नव्हता आणि बघायचाही नव्हता. फाइल त्यात आहे हे मला माहीत होतं का? नव्हतं, असं लिहिलं तर ते खोटं होणार नाही. पण तिचा लॅपटॉप मी कोपरान् कोपरा पाहिला आणि चिठ्ठी लावलेल्या मशीनकडे एकदाही पाहिलं नाही, हेही खरं. दुसऱ्या कुणाची तक्रार असती तर मी सगळ्यात आधी तेच विचारलं असतं.

"पासवर्ड लागेल," मी फोनवर म्हटलं. कुणाचा पासवर्ड विचारायचा नाही असा नियम आमच्याच भिंतीवर चिकटवलेला आहे, मीच चिकटवलाय.

तिने लगेच सांगून टाकला. ऑफिसचा फोन नंबर आणि पुढे ऑफिसचं नाव. मला वाटलं होतं, काय वाटलं होतं ते जाऊ दे. ऑफिसचा फोन नंबर होता.

"मॅडमना काय सांगणार?"

"माझ्या मशीनमध्ये होती."

"ओरडतील."

"ओरडू देत."

"आणि तू?"

"मी नाही ओरडत आता."

ती म्हणाली, "ताईला वाटतं मी तुझ्यावर चिडलेय. तसं काही नाही." मग म्हणाली, "खरंच काही नाही."

मी म्हटलं, "धन्यवाद, आणखी काही मदत?" तेही सवयीने. ती हसली की काय कळलं नाही, फोन ठेवल्याचा आवाज आला.

मशीन अजून कपाटाच्या तळाशीच आहे. चार्जर लावून ठेवलाय. झाकण उघडलं की फाइल परत जाईल. फाइल गेली की पत्र निघेल. पत्र निघालं की तिचं लॉगिन बंद करा अशी चिठ्ठी येईल, आणि ती माझ्याच टेबलावर येईल, कारण ते काम माझं. नाही उघडलं तर वरची पट्टी तशीच राहील, तिच्या नावाची, महिना संपेपर्यंत आणि त्यापुढेही. आणि तिची ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. मग कदाचित ती इथेच परत येईल, असाही विचार मनात आला. तो आला हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहितोय. त्याची लाज वाटायला हवी. तशी काही वाटत नाही, गेले कित्येक दिवस कशाचंच काही वाटत नाही. दाढेत इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं.

तुमचा दीर


सोमवार, १८ तारीख

वहिनी,

नमस्कार. आधी एक काम. या पाकिटात दुसरं एक पाकीट आहे, बंद केलेलं. ते धाकटीचं आहे, मॅडमच्या सहीचं पत्र. आजच तिच्या हातात पडेल असं बघा. तिला मेलनेही पाठवलंय, पण नव्या ठिकाणी सहीशिक्क्याचा मूळ कागद मागतात. आता बाकीचं.

गुरुवारी सकाळी मशीन काढलं. चिठ्ठी निघेना, अर्धी झाकणाला चिकटून राहिली, 'बिघ' एवढीच. पासवर्ड टाकला. शीट ती उठली तेव्हा होती तशीच उघडी होती. फेऱ्या सगळ्या नव्याने लावलेल्या, प्रत्येक मिस्त्रीला एक रंग. आणि ज्या ओळीवर ती थांबली होती ती दवाखान्याच्या लिफ्टची. इमारत लिहिलेली, दोर झिजलाय, तातडीने बदला, असंही लिहिलेलं. कोण जाणार आणि कधी, हे दोन रकाने रिकामे.

ती लिफ्ट इतके दिवस कुणाच्याच कागदात नव्हती.

मी दोरखंडाला हाक मारली. त्याने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि चहा न मागता खाली गेला. जाताना लिफ्ट नाही घेतली, जिन्याने पळत गेला. एवढं जाडं शरीर पळताना मी पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी दवाखान्याची लिफ्ट बंद ठेवून दोर बदलला. परत आल्यावर त्याने तेलकट हात माझ्यापुढे धरला आणि दोन बोटांत अंतर दाखवून म्हणाला, "एवढाच धरून होता." मग त्याच दोन बोटांत अंतर आणखी कमी करून म्हणाला, "आणि दार उघडं होतं ते एवढं." मला वाटतं त्याला सगळं पहिल्यापासून माहीत असावं.

दोरखंड पळाला तेव्हाच ते दोन रकाने मी भरले, त्याचं नाव आणि 'आत्ता'. बाकी एका अक्षराला हात लावला नाही. परत ठेवताना एक चौकट येते, काय बदल केला ते लिहा. तिच्या नावावरून शेवटचं लिहायचं होतं. आधी काहीतरी लिहिलं, ते खोडलं. मग लिहिलं, 'फेऱ्या नव्याने लावल्या, दवाखान्याचा दोर.' हिरवी खूण आली. मी ती बघायला थांबलो.

मॅडमकडे गेलो. "मिळाली."

"कुठे होती?"

"माझ्याकडे."

"तुझ्याकडे म्हणजे?"

"माझ्या मशीनमध्ये. मी ओरडलो म्हणून ती अर्धवट टाकून उठली आणि मी झाकण लावून मशीन कपाटात टाकलं. तिने काही नेलं नव्हतं. तुम्ही मुद्दाम म्हणालात, ते सगळ्यांनी ऐकलंय. आता हेही सगळ्यांसमोर म्हणा."

आवाज चढला नव्हता माझा. पण केबिनचं दार मी उघडंच ठेवलं होतं, बाहेर टाइप करण्याचे आवाज थांबले. मॅडमनी पुन्हा चष्मा काढला.

"दवाखान्याच्या लिफ्टला काही झालं असतं तर?"

"झालं असतं तर माझ्यामुळे."

"तुला आत्ता काढून टाकायला हवं."

"बरं."

"बरं काय? कुलपं कोण सोडवणार मग?" त्या उठून बाहेर आल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "शीट परत आली. तिचा काही दोष नव्हता. 'अंतिम', 'अंतिम खरी', सगळ्या नकला पुसून टाका." मग आत जाऊन सही केली. मला मात्र पत्र दिलंय, सहा महिने प्रत्येक फाइल परत आली का नाही याची खूण रोज संध्याकाळी मी करायची, घरी जायच्या आधी. शिक्षा म्हणून. मला ती शिक्षा वाटत नाही, पण त्यांना तसं सांगितलं नाही.

शुक्रवारी चिठ्ठी आली. लॉगिन बंद करणे. दुपारपर्यंत बाकीची कामं केली. मग तिचं नाव काढलं. कॉम्प्युटर विचारतो, नक्की ना? मी 'हो' दाबलं. काही झालं नाही. म्हणजे, काय व्हायला हवं होतं मला माहीत नाही. तो टिकलीएवढा फोटो गेला आणि तिथे राखाडी गोल आला.

मग वेळापत्रक उघडून पाहिलं. वरची पट्टी गेलीय. आता ते कुणाच्याही नावावर नाही. ज्याला लिहायचंय त्याने उचलावं, लिहावं आणि ठेवावं. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी खूण केली.

खोलीवर येऊन जेवलो. जेवताना गाल चावला. दुखला.

धाकटीला पाकीट देताना माझं नाव नाही घेतलंत तरी चालेल. पाकीट मदत कक्षातून आलंय म्हणा. ती काही बोलली तर मला कळवू नका. नाही बोलली तर तेही नका कळवू. ती गावाला निघेल तेव्हा स्टेशनवर पोचवायला दादाला पाठवा, सामान जड असेल. तुमची बहीण आहे, आमच्या घरची पाहुणी म्हणून येईल-जाईल, तेव्हा मी घरी असलो तर बाहेर निघून जाणार नाही. बसेन, बोलेन. एवढं तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्हाला दोघांच्या वेळा जुळू न देण्याची कसरत करावी लागणार नाही.

आणि हे पत्र दादाला वाचायला द्या. विजेचं बिल म्हणू नका. वाचून तो काही बोलणार नाही, मला माहीत आहे. नुसतं एवढं सांगा की एक दार लावलं, आणि आपटलं नाही.

तुमच्या सासरचा धाकटा